दिव्याहून घारापुरीला जाताना

दिवा जंक्शनवरून पनवेल आणि वसई अशा दोन दिशांना लोहमार्ग फुटतात. तरी सुट्टीच्या दिवशी येथील कुटुंबांची पावले बहुधा मुंबईकडेच वळतात. धिम्या लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, तेथून गेटवे आणि पुढे सुमारे तासाभराचा बोटीचा प्रवास केला की उरण तालुक्यातील घारापुरी बेट येते. लेणी सोमवारी बंद असतात. ज्यांच्या दुकानाची साप्ताहिक सुट्टी सोमवारीच असते, त्यांनी हे आधी ध्यानात घ्यावे.

बोटीत बसताच जीवरक्षक जाकीट मागून घ्यावे, आणि ते मांडीवर न ठेवता अंगावर चढवावे. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावरील प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून दहाहून अधिक जणांचे प्राण गेले. उकाडा होतो, छायाचित्र चांगले येत नाही, ही कारणे त्यापुढे क्षुल्लक आहेत. पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्या थांबतात; तेव्हा बेत पुढे ढकलणे हेच शहाणपण.

चौविहार पाळणाऱ्यांनी परतीचा हिशेब आधी मांडावा. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. शेवटच्या बोटीची वाट पाहिली तर घरचे जेवण दूरच, दिव्याची लोकल मिळेपर्यंतच अंधार पडतो. म्हणून दुपारी तीनच्या सुमारास बेट सोडावे, किंवा संध्याकाळचा डबाही सोबत घ्यावा. बेटावरच्या खानावळींत मासळी शिजते आणि कांदा-बटाटा असतोच. ठेपले, खाकरे व उकळलेले पाणी घरूनच न्यावे. रिकाम्या पिशव्या आणि बाटल्या मात्र परत आणाव्यात.

डबा उघडताना माकडांपासून सावध राहावे. जीवदयेच्या भावनेने कोणी त्यांना खाऊ घालतो, आणि मग तीच माकडे पुढच्या पर्यटकाच्या हातातील पिशवी हिसकावतात. माणसाच्या अन्नाची सवय लावणे ही त्या प्राण्यावरही दया नव्हे.

बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर ही तीन गावे आहेत. समोर मुंबई झगमगत असताना येथे समुद्राखालच्या केबलने कायमची वीज आली ती २०१८ मध्ये. पायऱ्यांवर काकडी, कैरी, ताक विकणाऱ्या बायका या गावांतल्याच. त्यांच्या विक्रीतला बराच माल बोटीने येतो. वाहतूक खर्च म्हणजे काय हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही, तेव्हा पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करू नये. विचारल्याविना कोणाचे छायाचित्र काढू नये.

सुमारे सव्वाशे पायऱ्या चढल्यावर मुख्य लेणे लागते. वृद्धांसाठी डोलीची सोय असते. तिचा दर आधी ठरवावा. आतील भव्य त्रिमूर्तीला किंवा कोणत्याही शिल्पाला हात लावू नये. युनेस्कोने १९८७ साली या लेण्यांना जागतिक वारसा मानले. पोर्तुगीजांनी ज्यावरून बेटाला एलिफंटा म्हटले, तो दगडी हत्ती मात्र आता येथे नाही. तो भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी उभा आहे. दिव्याच्या धिम्या लोकलने तेथे थेट उतरता येते. फक्त बुधवार टाळावा.