एकदा भरलेली शेगडी

मराठी माणूस तंजावरास गेला म्हणजे प्रथम सरस्वती महाल पाहतो. मग बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास वाचावयास लागतो, आणि चार ओळींनंतर मान दुखू लागली की कॉफीच्या शोधात निघतो. आम्हीही हे सर्व यथासांग केले. परंतु त्या जिल्ह्यात आम्हांला खरी घरची अशी जी वस्तू भेटली ती राजवाड्यात नव्हे; पेरावूरणीकडच्या एका खेड्यात, घरमालकीणबाईंच्या परसात उपड्या घातलेल्या पत्र्याच्या डब्याच्या रूपाने भेटली.

"अहो, ही तर भुशाची शेगडी!" आमची सौ. ओरडली.

आमच्या आजोळी कऱ्हाडास न्हाणीघराच्या दाराशी अशीच एक असे. वखारीतून भुशाचे पोते आणणे ही आम्हां मुलांची कामगिरी. डब्याच्या मध्यभागी बाटली उभी धरावयाची, भोवती भुसा ठासून भरावयाचा, बाटली हलकेच फिरवून वर काढावयाची आणि खालच्या भोकातून बारीक काटकी पेटवून सरकवावयाची. पाट्टींची रीत हीच. फक्त भुशाच्या जागी उमी, म्हणजे भाताचे तूस. मेट्टूरचे धरण १९३४ साली पुरे झाले आणि कालव्याचे पाणी या बाजूस आले. तेव्हापासून भात आहे, आणि भात तेथे तूस आहेच.

आम्ही पडलो केंद्र सरकारचे कारकून. नोंद केल्यावाचून आम्हांला अन्न पचत नाही. आम्ही घड्याळ लावून पाहिले. वाळली झावळी दहा मिनिटांत भडकून संपे. सुरूची पाच-सहा लाकडे पाऊण तास टिकत. पण त्या पाऊण तासात चुलीपुढून उठावयाची सोय नाही, फाटी सारखी पुढे सारावी लागत. उमीची शेगडी मात्र पहाटे पाचला पेटविली की साडेनऊपर्यंत कोणी तिच्याकडे पाहावयासही नको. कारण उघड आहे. लाकडाला चोहोबाजूंनी वारा मिळतो. ठासलेल्या उमीला तो फक्त मधल्या पोकळीतून मिळतो, आणि पोकळीची भिंत तेवढी हळूहळू जळत बाहेर सरकते. मागे राहणारी राख पुष्कळ, तुसाच्या जवळजवळ पंचमांश. अर्धवट जळलेल्या उमीने पाट्टी दात घाशीत. आम्हीही एकदा घासले. पुन्हा घासले नाहीत.

१६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे 'गजा' वादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर चढले. ती रात्र आम्ही खाटेखाली काढली. मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती. उजाडल्यावर पाहतो तो पाट्टींच्या बागेतली बहुतेक झाडे आडवी. कोवळ्या माडाला तमिळमध्ये 'तेन्नम्पिळ्ळै' म्हणतात. पिळ्ळै म्हणजे लेकरू. पाट्टी बागेत गेल्या नाहीत. पडवीतच बसून राहिल्या.

वीज गेलेली, रस्ते झाडांनी अडलेले. पहिले दोन दिवस आमच्या गॅसवर दोन्ही बिऱ्हाडांचे भागले. तिसऱ्या दिवशी सिलिंडर संपला. मुलीला वरचे दूध, आणि हातपंपाचे पाणी गढूळ. उकळल्यावाचून देणे शक्य नव्हते. जिकडे पाहावे तिकडे सरपण पडलेले आणि त्यातले एकही पेट घेईना! ओला माड म्हणजे पाण्याने फुगलेला स्पंजच. कोरडी राहिली होती ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली दोन पोती उमी.

आम्ही लगेच हिशेब मांडला. एका भरणाला पाव पोते, दिवसाला दोन भरणे, चार दिवस. तोच आळीतल्या बायका भांडी घेऊन दारात आल्या. आम्ही आमच्या मोडक्या तमिळमध्ये पाट्टींना म्हटले की उमी थोडी आहे, बाळासाठी राखून ठेवू या. आज हे लिहिताना लाज वाटते. त्या वेळी वाटली नाही.

पाट्टी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तंबी, भरलेली शेगडी मध्येच विझवता येते का? तुझे पाणी अर्ध्या तासात उकळेल. पुढचे चार तास ती कोणासाठी जळणार?"

मग क्रम ठरला. आधी आमचे पाणी, मग पाच घरांची कांजी, शेवटी निखाऱ्यावर एका आजाऱ्याचे अंघोळीचे पाणी. सहाव्या दिवसापर्यंत दोन्ही पोती झाडून झाली. सातव्या दिवशी रस्ता मोकळा होऊन सिलिंडर आला.

पडलेल्या माडांचे सरपण मात्र पाट्टी चुलीला लावीनात. वाळून खडखडीत झाले तरी नाही. विकत आणलेले सुरूचे लाकूड जाळीत. जानेवारीत पोंगल आले. त्या दिवशी नवे मडके अंगणात विटांच्या चुलीवर चढते आणि दूध उतू जावे लागते. तेथे उमीची मंद धग कामाची नाही. पाट्टी कोयता घेऊन प्रथमच बागेत गेल्या आणि झावळ्यांचा भारा ओढीत घेऊन आल्या. दहा मिनिटांत दूध वर आले. बायकांनी "पोंगलो पोंगल" असा गजर केला. पाट्टी गजरात सामील झाल्या नाहीत. शेवटची झावळी संपेपर्यंत खाली मान घालून ती चुलीत सारीत राहिल्या.