मधल्या ओळीतले साकव

गणपतीच्या आदल्या दिवशी दुपारी मिठबावात लाईट गेली, तेव्हा माझ्या भाच्याच्या मोबाइलमध्ये चार टक्के बॅटरी उरली होती. एवढ्यात त्याने एक शहाणपणाचं काम केलं. अर्धवट राहिलेलं कोडं जुन्या कॅलेंडरच्या पानामागे पेन्सिलीने उतरवून घेतलं. मग मोबाइल बंद पडला आणि पोरगं पान घेऊन पडवीत माझ्यासमोर येऊन बसलं.

बाहेर पाऊस असा की अंगणातली माडाची झापंसुद्धा धूसर दिसत होती. गजबादेवीच्या बाजूने समुद्राचा आवाज येत होता. भाद्रपदात तो तसा येतोच. दोन दिवसांनी तो ऐकू येईनासा होतो आणि मुंबईला परतल्यावर मात्र झोप लागत नाही. पडवीच्या दुसऱ्या टोकाला काका माटवीला कवंडळं आणि तवशी बांधत बसले होते. आत काकी उद्याच्या सांबाऱ्यासाठी काळे वाटाणे निवडत होती.

‘‘मामा, हे सुटतच नाहीये,’’ भाचा म्हणाला.

‘‘आण इकडे. पाच मिनिटांचं काम,’’ मी म्हणालो. हे वाक्य त्याने पुढे दोन दिवस मला ऐकवलं.

कोडं दिसायला अगदी गरीब होतं. पाच आडव्या ओळी, प्रत्येकीत पाच घरं. पंचवीसपैकी तीन घरं काट मारून बंद केलेली. उरलेल्या बावीस घरांतून एकच रेघ फिरवायची. प्रत्येक घरात एकदाच शिरायचं, बाजूच्या घरात आडवं किंवा उभं जायचं, तिरकं नाही, आणि शेवटी निघालो तिथेच परत यायचं. वाचणाऱ्याने हाताशी पेन्सिल असेल तर चौकट काढून घ्यावी. घराचा पत्ता मी असा सांगतो: आधी वरून कितवी ओळ, मग डावीकडून कितवं घर. बंद घरं होती १-३, ३-३ आणि ५-३. तिन्ही मधल्या उभ्या रांगेत.

मला या कोड्यांचं व्यसन आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. लंडनच्या टाइम्सने नोव्हेंबर २००४ मध्ये सुडोकू छापायला सुरुवात केली आणि ती साथ बघता बघता आपल्या वर्तमानपत्रांत आली. चर्चगेट लोकलमध्ये गुडघ्यावर पेपर ठेवून आकडे भरणाऱ्या हजारोंपैकी मी एक. पुढे समजलं की सुडोकू हे नाव देणारी निकोली ही जपानी मंडळी १९८० पासून कोड्यांचं नियतकालिक काढतात आणि आकडे भरण्याऐवजी रेघ फिरवायची त्यांची कोडी त्याहून सुंदर आहेत. स्लिदरलिंक, मासयु. निकोलीचे माकी काजी २०२१ मध्ये गेले तेव्हा त्या दिवशीचं कोडं मी मुद्दाम पेनाने सोडवलं होतं. असा मी जुना खेळाडू. पाच बाय पाचच्या चौकटीला काय भिणार?

म्हणून पहिला अर्धा तास मी सरळ अंदाजाने रेघ मारत गेलो. इथून वर जाऊ, मग वळसा घालू, बघू काय होतंय. होत काहीच नव्हतं. कधी एक घर उरायचं, कधी दोन. खोडरबराने कॅलेंडरच्या मागल्या पानाला भोक पडलं आणि पलीकडची एकादशी दिसायला लागली. भाच्याने काही न बोलता नवीन पानावर तेच कोडं पुन्हा काढून दिलं. त्याच्या त्या न बोलण्याने मी ताळ्यावर आलो.

या कोड्यांचा एकच नियम मी स्वतःला घालून घेतला आहे आणि घाई झाली की पहिल्यांदा तोच मोडतो. दुसरी वाट शिल्लकच नसेल तिथेच पेन्सिल टेकवायची. ‘बहुतेक इकडून असेल’ असं वाटलं की हात मागे घ्यायचा. प्रत्येक घराला रेघेची दोन टोकं लागतात, एक आत येणारं आणि एक बाहेर जाणारं. तेव्हा आधी अडचणीतली घरं शोधायची. सगळ्यांत अडचणीत कोपरे. १-१ला शेजारी दोनच, १-२ आणि २-१. दोन्हीकडे रेघ जायलाच हवी. आता १-२ बघा. त्याच्या उजवीकडचं १-३ बंद. म्हणजे त्याला खाली २-२मध्ये उतरण्यावाचून गती नाही. मग २-१ने काय करायचं? तेही २-२ला मिळालं तर चार घरांचं एवढंसं कडं तयार होऊन मिटतं आणि बाकीचा गाव बाहेर राहतो. म्हणून २-१ला खाली ३-१मध्येच जावं लागतं. उजव्या बाजूलाही आरशात पाहावं तसं हेच.

इथवर एकही अंदाज नव्हता. भाचा आता पालथा पडून बघत होता.

‘‘आता २-३,’’ मी म्हणालो. ‘‘वरचं बंद, खालचं बंद. राहिलं काय?’’

‘‘डावीकडे, उजवीकडे.’’

‘‘म्हणजे २-२ची दोन्ही टोकं भरली. आता त्याच्या खालचं ३-२ बघ. वर जागा नाही, उजवीकडे बंद.’’

‘‘मग डावीकडे आणि खाली!’’

पोराला लय सापडली. पुढचं त्यानेच केलं. ३-१ भरलं, म्हणून ४-१ला वरची वाट नाही; ते उजवीकडे ४-२ला आणि खाली ५-१ला जोडलं गेलं. ४-२ भरलं. ५-१ कोपरा, तो ५-२ला गेला. आणि ५-२वर येऊन पेन्सिल थांबली. वरचं ४-२ भरलेलं, उजवीकडचं ५-३ बंद. रेघ आत आली आणि कोंडली.

‘‘मामा, तुझंच काहीतरी चुकलंय.’’

मी पहिल्यापासून पुन्हा बघितलं. चुकलं नव्हतं. अंदाजाने गेलो असतो तर मागे जाऊन दुसरी वाट धरता आली असती. पण इथे मागे दुसरी वाट कुठे होतीच? प्रत्येक पाऊल सक्तीचं होतं. सक्तीच्या वाटेने जाऊन माणूस भिंतीवर आपटला, तर दोष वाटेचा असतो. मी म्हणालो, ‘‘चूक कोड्यात आहे. तू उतरवताना एखादं घर हललं.’’

हे त्याला मुळीच पटलं नाही. मुंबईची मुलं मामाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाहीत, आणि बरोबरच आहे.

एवढ्यात काका हातातलं सुंभ बाजूला ठेवून वाकले. ‘‘कसली रांगोळी घातलास रे?’’ मी समजावून सांगितलं. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि मधल्या रांगेवर बोट ठेवलं. ‘‘ह्यो व्हाळ आसा. आणि हे दोन साकव. जातलंस एका साकवावरसून, येतलंस दुसऱ्या साकवावरसून. मगे?’’

मी त्या चौकटीकडे तासभर बघत होतो आणि मला पंचवीस घरं दिसत होती. त्यांना व्हाळ दिसला. बंद घरं म्हणजे पाणी, उघडी दोन, २-३ आणि ४-३, म्हणजे साकव. रेघेला डाव्या काठावरची दहा घरंही फिरायची आणि उजव्या काठावरचीही. म्हणजे दोन्ही साकव लागणारच. डाव्या काठावर वरच्या साकवाने उतरायचं, दहाही घरं एकेकदा फिरायची आणि खालच्या साकवापाशी निघायचं. एवढंच कोडं.

आणि ते होत नाही, हे दाखवायला आता रेघही लागणार नव्हती.

मी आत जाऊन मूठभर काळे वाटाणे आणि मूठभर चवळी घेऊन आलो. ‘‘माजे वाटाणे खंय व्हरतंस? भिजत घालूचे आसत,’’ काकी मागून ओरडली. पडवीच्या कोब्यावर खडूने मोठी चौकट काढली. कोपऱ्यात चवळी, शेजारी वाटाणा, पुन्हा चवळी, असं बुद्धिबळाच्या पटासारखं. तीन बंद घरं मोकळी ठेवली. मग भाच्याला दाणे मोजायला सांगितले. वाटाणे बारा, चवळी दहा.

‘‘आता चालायला लाग. चवळीवरून बाजूच्या घरात गेलास की काय येतं?’’

‘‘वाटाणा.’’

‘‘त्याच्यावरून?’’

‘‘चवळी.’’ तो थांबला. मग पुन्हा दाणे मोजले. मग म्हणाला, ‘‘दोन वाटाणे उरणार.’’

एक चवळी, एक वाटाणा असं फिरत निघालो त्या घरी परत यायचं, तर दोन्ही सारखेच असायला हवेत. दहा आणि बारा असतील तर जगातल्या कोणत्याही वाटेने जा, जमणार नाही. मी सोडवलेल्या शेकडो कोड्यांपेक्षा हे न सुटणारं कोडं मला जास्त आवडलं, हे खरं. उत्तर सापडलं की एक वाट कळते. उत्तर नाहीच हे कळतं तेव्हा सगळ्या वाटा एकदम कळलेल्या असतात.

काकांना यातला पट लगेच कळला, कारण ते जुने बुद्धिबळवाले. तरुणपणी एका पावसाळ्यात त्यांनी चिंचोके घेऊन घोडा चौसष्ट घरांतून फिरवायचा प्रयत्न केला होता. दोन-तीन घरं कायम उरायची, म्हणाले. घोडाही दर उडीला रंग बदलतो, म्हणून पंचवीस घरांच्या पटावर तो सगळी घरं फिरून परत येऊच शकत नाही, चौसष्टावर येतो. हा नाद आपल्याकडे फार जुना आहे. नवव्या शतकात काश्मीरच्या रुद्रटाने बत्तीस अक्षरांचा एक श्लोक अर्ध्या पटावर मांडला. सरळ वाचा किंवा घोड्याच्या उड्यांनी वाचा, श्लोक तोच. आणि सतराव्या शतकात नीलकंठ भट्टांनी ‘भगवंतभास्कर’ या धर्मशास्त्राच्या ग्रंथातल्या नीतिमयूखात घोड्याची पूर्ण फेरी दिली. हे भट्ट घराणं मूळ पैठणचं, काशीत स्थायिक झालेलं. श्राद्ध, व्यवहार, प्रायश्चित्त यांच्यावर लिहिणाऱ्या माणसाला मध्येच घोड्याची चाल सांगावीशी वाटली, याचा मला अतोनात आनंद वाटतो. पुढे १८२३ मध्ये वार्न्सडॉर्फ नावाच्या जर्मन माणसाने घोड्यासाठी एक सोपी युक्ती सांगितली: ज्या घरातून पुढे जायच्या वाटा सर्वांत कमी, त्या घरात आधी जा. काकांना ती सांगितली. ‘‘ह्या माका तेव्हा कोणी सांगूक नाय,’’ ते म्हणाले. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या पावसाळ्याचा राग त्यांच्या आवाजात होता.

भाचा मात्र आपल्या कोड्यापाशीच होता. ‘‘मग खरं कोडं काय होतं?’’

मोबाइल बंद, लाईट नाही. खरं कोडं कुठे बघणार? मी विचारलं, कुठली बंद घरं नक्की आठवतात. तो म्हणाला, वरची दोन शंभर टक्के. तिसरं खालच्या दोन ओळींत कुठेतरी होतं, ते घाईत मारलं.

एवढं पुरेसं होतं. वरची दोन्ही बंद घरं चवळीची. एकूण चवळी तेरा, वाटाणे बारा. तेरातून दोन गेल्या, उरल्या अकरा. वाटाणेही अकराच हवेत, म्हणजे तिसरं बंद घर वाटाण्याचं होतं. खालच्या दोन ओळींत वाटाण्याची घरं पाच: ४-१, ४-३, ४-५, ५-२ आणि ५-४.

‘‘पाचातलं एक,’’ भाचा म्हणाला. ‘‘आता करून बघायचं?’’

‘‘थांब,’’ काका म्हणाले. त्यांनी ४-१वरचा वाटाणा उचलला आणि खालच्या कोपऱ्याकडे बोट केलं. ‘‘कोपऱ्यातल्या घराक दोनच दारां. एक बंद केलंस तर माणूस आत जायत, पण भायर कसो येतलो?’’

४-१ बंद केलं की ५-१चं एक दार गेलं. ५-२ बंद केलं की दुसरं. पलीकडे ४-५ आणि ५-४चंही तसंच. पाचातली चार अशी एका वाक्यात बाद झाली. उरलं ४-३. म्हणजे खालचा साकव चौथ्या ओळीत नव्हताच, एक घर खाली, पाचव्या ओळीत होता.

भाच्याने ४-३वर काट मारली, ५-३ उघडलं आणि मघाशी जिथे कोंडली होती तिथून रेघ पुढे नेली. ५-२वरून ५-३, ५-४, मग ५-५ आणि वर ४-५, ४-४, ३-४, ३-५, २-५. तिथे वरून आलेली रेघ वाट बघत होती. बावीस घरं. एकही उरलं नाही. डावीकडे आणि उजवीकडे सारखीच नक्षी झाली होती.

रात्री लाईट आली. मोबाइल चार्जिंगला लावून तो आत गेला आणि जरा वेळाने बाहेर आला. मी भुवया उंचावल्या. ‘‘४-३च होतं,’’ तो म्हणाला. आवाजात आनंद असा फार नव्हता; आपल्याला आधीच माहीत असलेली गोष्ट मोबाइलने उगाच सांगितली, असा तोरा होता.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपल्यावर, पानं मांडायच्या आधी, तो कॅलेंडरचं आणखी एक पान घेऊन काकांसमोर बसला. या वेळी सहा बाय सहा, स्वतः बनवलेलं. पाच घरं बंद. काकांनी चष्मा लावला, चौकट लांब धरून बघितली आणि पेन्सिल घेतली नाही.

‘‘वाटाणे हाड,’’ ते म्हणाले.

‘‘ते शिजले,’’ काकी आतून म्हणाली.