जेवण झाल्यावरही शुगर लो होते, आणि ते आधी ओळखता येतं

थोडं मोठं लिहिलंय, पण घरात कुणाला डायबेटिस असेल तर वाचाच.

शिबिर लागलं की शुगर किती वाढली ते सगळे मोजतात. उतरते का, हे फारसं कुणी विचारत नाही. आमच्या शेजारच्या काकू शाळेत पोषण आहार शिजवतात. सकाळी ८ ला इन्सुलिन, वर चहा आणि एखादी चपाती. साडेअकराला खिचडीच्या पातेल्यापुढे दरदरून घाम, हात थरथर. सगळे म्हणायचे, धग लागली. एकदा उपकेंद्रातल्या सिस्टर तिथेच होत्या, त्यांनी बोट टोचून पाहिलं. ५८!

"खाल्ल्यावर कशी उतरेल?" असं लोक विचारतात. तर खाल्लेल्याने साखर साधारण तास-दीड तासात चढते. साध्या इन्सुलिनचा जोर मात्र २ ते ४ तासांनी असतो, आणि ३०/७० च्या इंजेक्शनमध्ये ते असतंच. चपाती पचून गेली, औषध अजून कामावर. त्यात कष्टाचं काम. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनीही शुगर उतरू शकते. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा नाही.

ज्यांना परवडतं ते दंडावर सेन्सर लावतात. काही सेन्सर तर शुगर लो होणार हे २० मिनिटं आधीच सांगतात. पण दहा-पंधरा दिवसांनी नवा घ्यायचा, म्हणजे पुन्हा काही हजार. काकूंनी कुठून आणायचे?

त्यांच्या कामी आली साधी वही. औषध किती वाजता, काय खाल्लं, काम किती, तीन तासांनी शुगर किती. आठवड्यात लो होण्याची वेळ समोर आली. डॉक्टरांनी वही बघून डोस बदलला, मधलं खाणं ठरवून दिलं. डोस मनाने कुणी बदलू नका.

७० च्या खाली आली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, १५ मिनिटांनी परत मोजा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

आता मुद्दा. वही दहा रुपयांची, पण शुगर मोजायच्या पट्ट्या महाग. रोजंदारीवरचा माणूस औषध घेतो आणि मोजणं टाळतो. इन्सुलिन सरकारी दवाखान्यातून मिळत असेल तर पट्ट्याही तिथूनच मिळाल्या पाहिजेत. येत्या ग्रामसभेत हा विषय मी मांडणार आहे. ज्यांच्या घरी इन्सुलिन चालू आहे त्यांनी नक्की या. एकट्याचं कोण ऐकतंय?