विसरून जा म्हटल्याने जखम भरत नाही

वस्तीत एखादी पोरगी जेवेनाशी झाली की टॉनिकची बाटली येते. अजूनही कुणी दृष्ट काढायला सांगते. मनाच्या डॉक्टरचे नाव काढले तर लोक विचारतात, "वेड लागलंय का तिला?" गेल्या वर्षी हे सारे आमच्या घरात झाले, म्हणून लिहिते आहे.

माझी भाची मिरजेहून विश्रामबागला कॉलेजला जाते. भर वर्गात तिला शिष्यवृत्तीवरून टोमणा बसला. त्या दिवसापासून वर्गाच्या दारात पाऊल टाकले की छाती धडधडे, हात गार पडत. रात्री झोप नाही. एका समुपदेशकाकडे नेले. तो म्हणाला, "यात जात कशाला आणतेस? विसरून जा, अभ्यासात लक्ष घाल." पोरगी आणखीच गप्प झाली.

जात तिने आणली नव्हती, तिच्या अंगावर फेकली गेली होती.

बाबासाहेबांचेच पाहा. १९०१ साली नऊ वर्षांचे भीमराव भाऊ व भाच्यांबरोबर वडिलांकडे जायला निघाले आणि साताऱ्याहून आगगाडीने मसूरला उतरले. मसूर आपल्या पुणे-मिरज मार्गावरचेच स्टेशन. जात कळताच गाडीवान गाडीत घेईनात. दुप्पट भाडे देऊन पोरांनी स्वतः बैलगाडी हाकली. जवळ डबा होता, पण पाणी कुणी दिले नाही, उपाशी झोपले. कितीतरी वर्षांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हे सारे बारकाव्यांसह लिहिले. बाबासाहेब विसरले नाहीत, तर आमच्या पोरीने आठवड्यात कसे विसरावे?

पुढे विश्रामबागमध्येच दुसऱ्या बाई भेटल्या. दार उघडे ठेवू की लावू, हे त्यांनी आधी तिला विचारले. म्हणाल्या, "आज सगळं सांगायलाच पाहिजे असं नाही." तुझे काय चुकले असे न विचारता तुझ्यावर काय गुदरले, ते विचारले. धोका टळला तरी शरीर सावध राहते, म्हणून छाती धडधडते. हा दुबळेपणा नव्हे, हे समजावले. अशा वेळी पाय जमिनीवर घट्ट टेकून श्वास हळूहळू सोडायला शिकवले. फी ऐपतीप्रमाणे घेतली. सहा महिने लागले. भाची आता वर्गात बसते. कधी दाराजवळच्या बाकावर, पण बसते.

मायबहिणींनो, असे उपचार म्हणजे कुणाची मेहेरबानी नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी सेवेत मनाचे उपचार मिळणे हा आपला हक्क आहे. तिथे जात, धर्म, लिंग वा गरिबी पाहून भेदभाव करता येत नाही. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येते.

पोरगे-पोरगी गप्प झाली तर जवळ बसा, घाई न करता ऐका. आणि जातीचा विषय निघताच समुपदेशक तोंड बंद करू लागला, तर उठा आणि दुसरा शोधा. गुण आला नाही तर तापाचा डॉक्टर आपण बदलतोच की!