फोटोला धार लावताना

फोटो ‘शार्प’ करणे म्हणजे सरळ मराठीत धार लावणे. हा शब्द ऐकला की मला सायकलच्या चाकावर दगड फिरवत गल्लीतून ओरडत जाणारा धारवालाच आठवतो. विळी दिली की तो लखलखीत करून देतो. पण विळीला पातंच नसेल तर तो बिचारा काय करणार? कॉम्प्युटरवरच्या फोटोचंही अगदी तसंच आहे बरं का. मुळात जे उतरलेलं आहे तेवढंच उठून दिसेल. लग्नात घाईघाईने काढलेला, नेमका विहीणबाईंचा चेहरा हललेला फोटो घेऊन आपण मुलांच्या मागे लागतो, “जरा नीट कर ना रे.” तो नीट होत नाही. हललेल्या फोटोला धार लावली की एका नाकाची दोन नाकं जास्तच स्पष्ट दिसतात, इतकंच!

मग धार येते म्हणजे नक्की होतं काय? रांगोळी आठवा. रंग भरून झाले की आपण शेवटी पांढरी रेघ ओढतो आणि सगळी नक्षी एकदम वर येते. रंग तेच असतात, पण कड ठळक झालेली असते. फोटोतही जिथे काळा केस आणि उजळ कपाळ भेटतात, तिथे कडेची काळी बाजू किंचित जास्त काळी करायची आणि उजळ बाजू किंचित जास्त उजळ. फोटोत नवीन काहीच आलेलं नसतं. फसतो तो आपला डोळा. दोन छटांच्या सीमेवर डोळ्याला नसलेला फरकही दिसतो, हे एर्न्स्ट माख नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८६५ सालीच सांगून ठेवलं आहे.

ज्या आज्ञेने हे करतात तिचं नाव मात्र उफराटं आहे : ‘अनशार्प मास्क’. अस्पष्ट मुखवटा! माझ्या मुलीला वाटलं, हे बटण दाबलं की फोटो आणखी बिघडेल. नाव आलंय अंधाऱ्या खोलीतून. कॉम्प्युटर नव्हते तेव्हा जाणकार छायाचित्रकार निगेटिव्हवरून मुद्दाम एक धूसर पॉझिटिव्ह फिल्म बनवत, ती निगेटिव्हला जोडून दोन्हींतून एकदम छाप काढत. धूसर आणि स्पष्ट यांच्यातला जो फरक, तो म्हणजे कडा. त्या अशा वर येत. आजचा कॉम्प्युटर तेच करतो. फोटोची एक धूसर प्रत मनातल्या मनात काढतो, मूळ फोटोतून ती वजा करतो आणि उरलेला फरक पुन्हा मूळ फोटोत मिसळतो.

मी हे ‘गिंप’ नावाच्या प्रोग्रॅमवर शिकले. १९९६ पासून तो सगळ्यांना फुकट मिळतो. ‘फोटोशॉप’ १९९० चं, जास्त नावाजलेलं, पण त्याला पैसे पडतात, आणि आपल्या कामाला गिंप पुरून उरतं. त्यात तीन दांड्या सरकवायच्या असतात. ‘अमाउंट’ म्हणजे किती धार. हे तिखट समजा. ‘रेडियस’ म्हणजे कडेची रेघ किती रुंद. आणि ‘थ्रेशोल्ड’ ही चाळणी : शेजारच्या ठिपक्यांत एवढा तरी फरक असेल तरच धार लाव, नाहीतर हात लावू नकोस. मोबाईलवरच्या चांगल्या फोटोला रेडियस एकाच्या आसपास पुरे. जास्त झालं की माणसांच्या डोक्याभोवती देवांच्या तसबिरीसारखं पांढरं वलय उमटतं. आमच्या शेजारच्यांकडे बारशाचा एक फोटो आहे, त्यात घरातली सगळीच माणसं संत झालेली आहेत.

आता मी या फंदात पडले ते का, ते सांगते.

आमचं घर सांगलीत, नदीच्या बाजूला. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कपाटाच्या खालच्या खणातले अल्बम चार दिवस पाण्याखाली होते. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. तो फुगला आणि सगळ्या पिढ्या एकमेकींना चिकटून त्यांचा लगदा झाला. वाचला तो एकच फोटो, मिरजेला वन्संच्या पोथीत होता म्हणून. माझ्या सासूबाईंचा. १९६४ सालचा, कोणा पाहुण्याच्या बॉक्स कॅमेऱ्यातला, सव्वादोन बाय सव्वातीन इंचांचा. त्यात सासूबाईंचा चेहरा चिंचोक्याएवढा.

सासूबाई १९६८ साली गेल्या. वन्सं तेव्हा सोळा वर्षांच्या आणि हे तीन वर्षांचे. म्हणजे ह्यांना आई आठवतच नाही. ह्यांची आई म्हणजे तो चिंचोका.

वन्संचा नातू हुशार. त्याने तो फोटो मोबाईलवरच्या एका ॲपात घातला आणि अर्ध्या मिनिटात मोठा, स्वच्छ चेहरा समोर धरला. पापणीन् पापणी मोजून घ्यावी असा. ह्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, किती वेळ काही बोललेच नाहीत. मग फोन वन्संच्या हातात गेला. त्यांनी लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि म्हणाल्या, “छान आहे. पण ही कोण?”

“अक्का, आई ना!” हे म्हणाले.

“आईच्या तोंडावर देवीचे वण होते, बाळ्या. लहानपणी आल्या होत्या तिला. आणि डाव्या भुवईत खाच होती. ही कुणीतरी सिनेमातली आहे.”

आजच्या मुलींना देवी म्हणजे काय हेही सांगावं लागतं. आपल्या देशातला तिचा शेवटचा रुग्ण १९७५ मधला, आणि १९८० साली जगातूनच ती गेल्याचं जाहीर झालं. पण त्याआधी घरोघरी असे चेहरे होते. आईच्या गालावर वण होते ही गोष्ट साठीला आलेल्या माझ्या नवऱ्याला त्या दिवशी कळली. कोणी मुद्दाम लपवली असंही नाही, कोणाच्या सांगण्यातच ती आली नव्हती.

ही ॲपं फोटोला धार लावत नाहीत, ती चित्र काढतात. असंख्य चेहरे पाहून ती शिकलेली असतात. जिथे दिसत नाही तिथे ‘साधारण असं असेल’ म्हणून भरून टाकतात. साधारण बाईच्या गालावर वण नसतात, म्हणून सासूबाईंचेही गेले. तसं पाहिलं तर पूर्वी स्टुडिओतही निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून असे वण घालवत असत. पण ते त्या बाईला चालणारं असे, बहुधा तिला हवंच असे. सासूबाईंना कोण विचारणार?

म्हणून मग मी बसले. आधी फोटो स्कॅनरवर बाराशे डीपीआयला घेतला, म्हणजे त्या चिंचोक्याचे उभे पाचशेक ठिपके मिळाले. स्कॅनर स्वतःहून धार लावतो, ते बंद केलं. मूळ प्रत ‘टिफ’ करून बाजूला ठेवली. जेपीजी दर वेळी बदलून साठवली की थोडी झिजते, म्हणून कामाची प्रत जेपीजी ठेवू नये. धार लावण्याआधी धूळ आणि ओरखडे काढायचे, नाहीतर तेही धारदार होतात. आणि इथेच खरी पंचाईत. धूळ कुठली आणि वण कुठला?

वन्सं दोन दुपारी माझ्याशेजारी वाती वळत बसल्या. मी चेहरा पडदाभर मोठा करायची आणि बोट ठेवायची. “हा?” “तो डाग. काढ.” “आणि हा?” “राहू दे. तो होता.” हळूहळू मलाही ओळखता येऊ लागलं. धुळीचा ठिपका पांढरा, टोकदार कडेचा असतो. वण मऊ, एका बाजूला सावली आणि दुसऱ्या बाजूला उजेड. खळगाच तो. हनुवटीजवळच्या एकावर वन्संनी वातीचा हात थांबवला. “हे आठवत नाही गं,” म्हणाल्या. मग तो तसाच ठेवला.

पुस्तकी सल्ला असा की डोळे, केस, साडीचे काठ, दागिने यांना धार लावावी आणि कातडीला लावू नये. नेहमीच्या फोटोला तो अगदी योग्य आहे. लेकीच्या साखरपुड्याच्या फोटोत तिच्या मुरमांना धार लावाल तर ती आयुष्यभर ऐकवील. त्यासाठी फोटोची दुसरी प्रत थरासारखी वर ठेवतात, तिला धार लावतात, आणि जिथे नको तिथे मास्कवर काळा ब्रश फिरवतात. काळं फिरवलं तिथे खालचा मूळ फोटो दिसतो. मी डोळ्यांना, नथीला आणि काठाला असंच केलं. बाराशेच्या स्कॅनमध्ये जुन्या फोटोची कड चारपाच ठिपके पसरलेली असते, म्हणून रेडियस एक न ठेवता चार ठेवला. गालांसाठी मात्र वेगळा थर घेतला : चाळणी शून्यावर, तिखट अगदी कमी. चाळणी वाढवली की फोटोच्या रव्यांना धार लागत नसे, पण वणांनाही लागत नसे. तेव्हा रवे राहिले. भुवईतली खाच मात्र धार लावताच आपोआप वर आली.

वन्संनी पडद्याकडे पाहिलं आणि “हां,” एवढंच म्हणाल्या. मग ह्यांना हाक मारली.

हे बराच वेळ बघत उभे होते. ॲपातला फोटो ह्यांनी फोनमधून काढलेला नाही, हे मला ठाऊक आहे. मी विचारलेलं नाही.

तुम्ही असा फोटो कराल तेव्हा दोन गोष्टी. धार पडद्यावर शंभर टक्के मोठं करून पाहा, लहान करून पाहिलेली धार नेहमी कमीच वाटते आणि हात सैल सुटतो. आणि आकार ठरवल्यावर, सगळ्यांत शेवटी लावा. आम्ही आठ बाय बाराची छाप काढली, चेहरा लिंबाएवढा झाला. कागद मॅट घ्या, चकचकीतवर रवे जास्त दिसतात. फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, ते तिला दाबून लहान करतं; ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर घेऊन जा. छापणाऱ्यांकडे मशीन आपलं आपणच रंग सुधारतं, पुन्हा धार लावतं, कधी चेहरा गुळगुळीतही करतं. आम्ही पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं होतं : ‘करेक्शन नको. गालावरचे डाग फोटोतले आहेत.’