कासव म्हणजे रणगाडा

मुलांनो, वर्गासमोर उभं राहून बोलायची वेळ आली की तुमच्या पोटात गोळा येतो ना? माझ्या वर्गातल्या मुलांचंही तसंच व्हायचं. मी डी.एड. करून शाळेत लागले तेव्हा मला वाटायचं, भाषण म्हणजे घडाघडा पाठ म्हणणं. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग...’ अशी जी गाडी सुटायची ती टाळ्यांच्या स्टेशनातच थांबायची. मधलं एखादं वाक्य विसरलं की गाडी रुळावरून खाली!

म्हणून आता आमच्या सातवीच्या वर्गात दर शनिवारी शेवटच्या तासाला ‘पाच मिनिटं बोला’ असतं. नियम तीनच. हातात कागद घ्यायचा नाही. माहिती कुठून मिळवली ते सांगायचं. आणि शेवटी वर्गाच्या तीन प्रश्नांना उत्तरं द्यायची. येत नसेल तर ‘शोधून सांगतो’ म्हणायचं; त्यात कमीपणा नाही.

एका सत्रात आम्ही अमेरिका घेतली. तिथला सिनेमा, इतिहास आणि लोकजीवन. एकीने १९२८ च्या ‘स्टीमबोट विली’तला शिट्टी वाजवणारा मिकी माऊस करून दाखवला. दुसरीने सांगितलं की महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं, कारण गुलामांना मुक्त करण्यासाठी ते झटले होते. हे ऐकून वर्ग चकित झाला. पुण्यातल्या माणसाचं लक्ष कुठवर होतं पाहा!

मग आला आमच्या वर्गाचा नटसम्राट. विषय, काउबॉयचे सिनेमे. जॉन फोर्ड या दिग्दर्शकाचा १९३९ सालचा ‘स्टेजकोच’. घोडागाडीतून प्रवासी चाललेत, आणि मागून अपाची लोक हल्ला करतात. आमच्या नटसम्राटाने तोंडावर तळवा आपटत अशी काही आरोळी ठोकली की शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावून गेले. सगळा वर्ग खो खो हसला. मीही हसले.

एकटा हसला नाही तो शेवटच्या बाकावरचा मुलगा. तो पाड्यावरून येतो. घरी वारली बोलतो. वर्गात सहसा तोंड उघडत नाही. त्याने हात वर केला आणि विचारलं, “बाई, ते लोक बोलत काय होते? सिनेमात तर नुसते ओरडतात.”

खरं सांगते, माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, “तूच शोध. पुढच्या शनिवारी पाच मिनिटं तुझी.”

तो सोमवारपासून रोज शाळा सुटल्यावर थांबू लागला. माझ्या फोनवर आम्ही दोघं वाचायचो, अडलेलं इंग्रजी मी समजावून सांगायची.

शनिवारी तो उभा राहिला. आवाज बारीक, नजर जमिनीकडे. म्हणाला, “तो सिनेमा मॉन्युमेंट व्हॅलीत काढला. ती जागा नावाहो लोकांची. सिनेमात अपाची म्हणून जे घोड्यांवरून आले, त्यांच्यात नावाहोच होते. ते स्वतःला ‘दिने’ म्हणतात. दिने म्हणजे माणसं.”

वर्ग शांत झाला. तो पुढे सांगू लागला. चेस्टर नेझ नावाचा एक नावाहो मुलगा होता. त्याला घरापासून दूर निवासी शाळेत घातलं. चेस्टर हे नावही त्याला शाळेनेच दिलं. तिथे सक्तीने इंग्रजीच बोलायचं. नावाहो शब्द तोंडातून निघाला की शिक्षा म्हणून तोंड साबणाने धुवायचे.

हे सांगता सांगता त्याच्या तोंडून घरचा एक शब्द निघून गेला. आणि मी सवयीने म्हटलं, “शुद्ध बोल हं, बाळा.”

तो थांबला. पहिल्या बाकावरची एक चिमुरडी हळूच म्हणाली, “बाई, साबण आणू?”

कुणी हसलं नाही. मला काही सुचेना. ‘शुद्ध बोल’ हे मी त्याला किती वेळा म्हटलं असेल? आणि वर पालकसभेत त्याच्या आईला सांगत होते, “तुमचा मुलगा बोलतच नाही हो.”

मी म्हटलं, “चुकलं माझं. तुला येतं तसं बोल.”

मग तो बोलला. निम्मं पुस्तकातलं, निम्मं घरचं. पण सगळ्यांना सगळं कळलं. दुसरं महायुद्ध पेटलं होतं. जपानी लोक अमेरिकेचे गुप्त निरोप फोडत होते. तेव्हा १९४२ साली अमेरिकी सैन्याला ही नावाहो भाषा आठवली. एकोणतीस नावाहो जवानांनी मिळून संकेत तयार केले. त्यांत आपला चेस्टरही होता. रणगाडा म्हणजे कासव. हातबाँब म्हणजे बटाटा. पाणबुडी म्हणजे लोखंडी मासा. आणि अमेरिका म्हणजे ‘आमची आई’! १९४५ साली इवो जिमा बेटावर सहा जणांनी पहिल्या दोन दिवसांत आठशेहून अधिक निरोप पाठवले, एकही न चुकता. ते संकेत शत्रूला कधीच फोडता आले नाहीत.

“ज्या भाषेसाठी साबण, त्याच भाषेने लढाई जिंकायला मदत केली,” तो म्हणाला आणि खाली बसायला निघाला. पण प्रश्न बाकी होते ना!

“मग त्यांना बक्षीस मिळालं?” नटसम्राटानेच विचारलं.

“लगेच नाय. १९६८ पर्यंत ते गुपित होतं. घरीपण सांगायचं नाही. आणि अॅरिझोना, न्यू मेक्सिकोत त्यांना १९४८ पर्यंत मतही देता येत नव्हतं. सोन्याची पदकं आली ती २००१ ला. तोवर त्या एकोणतिसांतले थोडेच राहिले होते. चेस्टर शेवटचा. तो २०१४ ला गेला.”

नटसम्राट उठून म्हणाला, “मी ती आरोळी परत काढणार नाही.” त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं, बरं का!

पालकहो, पाठ्यपुस्तकातली मराठी मुलांना यायलाच हवी. हा मुलगा आजही माझ्याकडे शुद्धलेखन घोटतो. पण नवी भाषा शिकवताना घरची भाषा दाराबाहेर काढून ठेवायला मी सांगत होते. कोकणी, अहिराणी, वऱ्हाडी, गोंडी, वारली, कोणतीही असो. ती घेऊनच मूल वर्गात येतं. ती गप्प बसवली तर मूलही गप्प बसतं.

पुढच्या शनिवारी वर्गात संकेतांचा खेळ झाला. दोन गट, आणि एका गटाचा सेनापती आमचा शेवटच्या बाकावरचा मुलगा. डस्टर, घंटा, मुख्याध्यापक, सगळ्यांना त्याने पाड्यावरची नावं दिली. समोरच्या गटाला शेवटपर्यंत काही म्हणजे काही फोडता आलं नाही.

मुख्याध्यापकांसाठी कोणता शब्द होता, म्हणता? तो मी इथे लिहिणार नाही. गुपित आहे ते! तुम्ही मात्र आज रात्री आजीला विचारा, पुस्तकात नसलेले पाच शब्द सांग म्हणून. आणि शनिवारी वर्गासमोर उभे राहा.