आजी, नर्मदा आणि धुवांधार

धबधबा म्हटलं की आपल्याला पावसाळाच आठवतो. पण जबलपूरजवळ भेडाघाटला नर्मदेचा धुवांधार धबधबा बघायचा असेल, तर हिवाळ्यात जावं. भर पावसाळ्यात नदी इतकी फुगते की धबधबाच पाण्यात बुडून जातो. नौकाविहारही तेव्हा बंद असतो.

आम्ही डिसेंबरमध्ये गेलो, ते आजीसाठी. आजोबांना नर्मदा परिक्रमा करायची होती. रिटायर झाल्यावर जाऊ, मग नातवंडं मोठी झाली की जाऊ, असं करता करता ते राहूनच गेलं. गेल्या वर्षी आजोबा गेले आणि आजीने घराबाहेर पडणंच सोडलं. शेजारच्या देवळातसुद्धा जाईना. बाबांनी भेडाघाटचा विषय काढला, तेव्हा "माझे गुडघे कुठे चालतात आता?" एवढंच म्हणाली. आईने काही न बोलता तिची शाल बॅगेत ठेवली आणि दशम्या करायला घेतल्या.

नागपूरहून जबलपूर साधारण २७० किलोमीटर. पेंचच्या जंगलात रस्ता खांबांवर उचलून घेतलाय, म्हणजे खालून प्राणी बिनधास्त जाऊ शकतात. "वरून आपण, खालून वाघ!" असं भाऊ म्हणाला, तेव्हा आजीने पहिल्यांदा खिडकीची काच खाली केली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भेडाघाट गाठलं. दगडात कोरलेल्या मूर्ती, शिवलिंगं, दिवे विकणाऱ्या दुकानांच्या रांगेतून जाताना धबधबा दिसायच्या आधी ऐकू येतो. मग दिसतो तो पांढरा धूर. पाणी खडकावर इतक्या जोरात आपटतं की त्याचे बारीक तुषार धुरासारखे वर उठतात, म्हणून नाव धुवांधार. थंडीत ते तुषार तोंडावर आले की अंगावर शहारा येतो. आजी कठड्याला धरून बराच वेळ उभी होती, हात जोडून.

तिथे रोपवे आहे, नदीवरून पलीकडच्या काठाला नेणारा. आम्ही तिकिटं काढणार, तेवढ्यात आजी म्हणाली, "परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नसते. तुझे आजोबा असते तर या पाळण्यात बसलेच नसते." आम्ही सगळे गप्प. बाबा पाकीट परत खिशात ठेवायला लागले. मग आजीच हसली. "पण मी कुठे परिक्रमेला निघालेय? चला, बसा!" पाळणा धबधब्यासमोर आला, तेव्हा ती डोळे पुसत होती आणि हसतही होती. वर्षभरात तिला असं हसताना आम्ही पाहिलं नव्हतं.

दुपारी पंचवटी घाटावरून नावेत बसलो. दोन्ही बाजूंना संगमरवराचे उंच कडे, कुठे पांढरे, कुठे गुलाबी, कुठे निळसर. नावाडी यमक जुळवत माहिती सांगतो, ती ऐकण्यासारखी असते. 'जिस देश में गंगा बहती है' या सिनेमाचं शूटिंग इथेच झालं होतं, हे कळल्यावर आई-बाबांनी लगेच गाणी सुरू केली. चौसष्ट योगिनी मंदिराच्या शंभराहून जास्त पायऱ्या मात्र मी आणि भावानेच चढल्या. कलचुरी राजांच्या काळातलं, दहाव्या शतकातलं हे गोल आकाराचं मंदिर चुकवू नका. आणि जबलपूरची गरमागरम खव्याची जिलेबीसुद्धा.

तुम्ही जाणार असाल तर सकाळी लवकर जा, स्वेटर आणि एक जादा कपड्यांचा जोड सोबत ठेवा. कठड्याच्या पलीकडे सेल्फीसाठी अजिबात जाऊ नका, खडक ओले आणि निसरडे असतात. घरात गुडघे दुखणारं कोणी असेल, तरी त्यांना घेऊन जा. तिथे घाई कुणालाच नसते.

परतीच्या वाटेवर आजी संत्री सोलून सगळ्यांना देत होती. सिवनी मागे पडलं, तेव्हा हळूच तिने बाबांना विचारलं, "ओंकारेश्वरही नर्मदेवरच आहे ना रे? तिथे जायला किती वेळ लागतो?"